बरं व्हायचं, पण कशासाठी?

पुण्यात ‘ससून’ म्हटलं की हॉस्पिटल आठवतं. मुंबईकराला आठवतो मासळीचा ससून डॉक, नाहीतर काळ्या घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी. हे ज्यू कुटुंब बगदादहून मुंबईला आलं आणि अफू-कापसाच्या व्यापारात गडगंज झालं. त्याचा मूळपुरुष डेव्हिड ससून पुण्यातच, लाल देवळाच्या आवारात चिरनिद्रा घेतो आहे. त्याचा एक पणतू कवी होता, सैनिक होता आणि पुरुषांवर प्रेम करणारा होता. १९१७च्या जुलैत तोही एका हॉस्पिटलात दाखल झाला. पुण्यातल्या नव्हे, स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्टमध्ये. तेही वेड लागलेलं नसताना.

सिगफ्रीड ससून. जन्म १८८६, इंग्लंडमधल्या केंटचा. बापाने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्याला तोडलं होतं. पुढे तो बापही घर सोडून गेला आणि सिगफ्रीड लहान असतानाच क्षयाने वारला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सिगफ्रीड सैन्यात गेला. १९१५मध्ये धाकटा भाऊ हॅमो गॅलिपोलीच्या मोहिमेत गेला. १८ मार्च १९१६ला डेव्हिड थॉमस हा तरुण अधिकारी मारला गेला. ससूनचं त्याच्यावर प्रेम होतं. ते जगासमोर बोलायची सोय नव्हती, त्यामुळे रडायचीही नव्हती. मग तो रात्री-बेरात्री खंदकाबाहेर पडून जर्मन सैनिक शोधत फिरू लागला. सोबत्यांनी नाव ठेवलं ‘मॅड जॅक’. सैन्याने मात्र जखमींना गोळीबारातून परत आणल्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक दिलं.

वर्षभराने त्याच पदकाची फीत त्याने मर्सी नदीत फेकली आणि एक जाहीर निवेदन लिहिलं. बचावासाठी सुरू झालेलं युद्ध आता भूभाग जिंकण्यासाठी लांबवलं जातंय, आणि मी यापुढे त्यात भाग घेणार नाही, असा त्याचा आशय. ते निवेदन ब्रिटिश संसदेत वाचलं गेलं. याची शिक्षा म्हणजे कोर्ट मार्शल. पण मित्र रॉबर्ट ग्रेव्हजने धावपळ करून वैद्यकीय मंडळाला पटवलं, की याचं डोकं ठिकाणावर नाही. सरकारलाही ते सोयीचं होतं. हुतात्म्यापेक्षा वेडा परवडतो.

दोन प्रकारचे उपचार

क्रेगलॉकहार्ट मुळात जलोपचारांचं आलिशान हॉटेल. युद्धात ते ‘शेल शॉक’ झालेल्या अधिकाऱ्यांचं हॉस्पिटल झालं. दिवसा टेनिस, गोल्फ. रात्री खोल्याखोल्यांतून किंकाळ्या. इथे ससूनला भेटले डॉक्टर रिव्हर्स. हे गृहस्थ १९०१-०२मध्ये आपल्या निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून गेले होते. त्यांच्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तकही प्रसिद्ध आहे. रिव्हर्सचं म्हणणं असं, की जे भोगलं ते दाबू नका, बोला.

पण ही मऊ वागणूक अधिकाऱ्यांसाठी. लंडनमधले डॉक्टर येलंड वाचा गेलेल्या साध्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देत, बोलेपर्यंत दार उघडत नसत, आणि या पद्धतीवर त्यांनी अभिमानाने पुस्तक लिहिलं. आघाडीवर तर कित्येकांना भेकड, पळपुटे ठरवून आपल्याच सैन्याने गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६मध्ये. ज्याचं मन मोडलं त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, ही त्या काळाची रीत होती.

याच हॉस्पिटलात जूनपासून एक २४ वर्षांचा लेफ्टनंट होता, विल्फ्रेड ओवेन. एप्रिलमध्ये तोफगोळ्याच्या धक्क्याने तो उडाला होता आणि नंतर एका सहकाऱ्याच्या छिन्नविछिन्न देहाशेजारी पडून राहिला होता. आता तो बोलताना अडखळायचा, स्वप्नांना घाबरायचा. त्याच्या डॉक्टर ब्रॉकनी त्याला कामाला लावलं. हॉस्पिटलचं ‘द हायड्रा’ मासिक संपादित कर, शाळेत शिकव. कविता तो आधीपासून करत होता, पण कीट्सच्या वळणाच्या.

एक टकटक

ऑगस्टमध्ये ओवेनने ससूनच्या दारावर हळूच टकटक केली. हातात ससूनच्याच कवितासंग्रहाच्या प्रती, सही घ्यायला आणलेल्या. ससून पलंगावर बसून गोल्फच्या काठ्या पुसत होता. त्याला हा बुटका, बुजरा पोरगा पहिल्यांदा फारसा विशेष वाटला नाही.

मग दोघं रोज भेटू लागले. ससूनने त्याला सांगितलं, जे पाहिलंस ते लिही. ओवेनच्या ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या कवितेचा कच्चा खर्डा आजही उपलब्ध आहे. त्यावर ससूनच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्या आहेत. शीर्षकातला ‘अँथम’ त्यानेच सुचवलेला. एका जखमी माणसाच्या ओळीत दुसऱ्या जखमी माणसाने पेन्सिलीने शब्द बदललेले. प्रेमपत्र म्हणून हा कागद मला पुरेसा वाटतो.

पण खरं प्रेमपत्रही आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओवेन हॉस्पिटलमधून निघाला. ससूनने एक बंद पाकीट दिलं. आत दहा पौंडांची नोट आणि लंडनमधल्या रॉबर्ट रॉसचा पत्ता. रॉस म्हणजे ऑस्कर वाइल्डचा एकनिष्ठ मित्र. ५ नोव्हेंबरला ओवेनने ससूनला लिहिलं, की तू माझा देव, गुरू, बाप, सगळंच आहेस. माझं तुझ्यावर फार फार प्रेम आहे. मी भरकटलेला धूमकेतू होतो, तू मला कक्षा दिलीस.

याला काय म्हणायचं? दोघांत शरीरसंबंध असल्याचा पुरावा नाही. पण पुरावा उरणार तरी कसा? वाइल्डला तुरुंगात टाकणारा १८८५चा कायदा लागू होता. ओवेनने आईला सांगून ठेवलं होतं, की माझ्या कागदांचं एक पोतं जाळ; तिने ते जाळलं. पुढे भाऊ हॅरॉल्डने पत्रांतला ‘नको तो’ मजकूर खोडून टाकला. इतकं जाळून, खोडूनही जे शिल्लक आहे, ते प्रेमच आहे. त्याला नुसती ‘मैत्री’ म्हणणं म्हणजे हॅरॉल्डची शाई आपण पुढे चालवणं.

बरे झाले, म्हणून

या गोष्टीतली सगळ्यात क्रूर गोष्ट वेगळीच आहे. क्रेगलॉकहार्टचं काम माणसाला बरं करायचं, ते पुन्हा आघाडीवर पाठवण्यासाठी. रिव्हर्सना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना छळत होतं. नोव्हेंबरमध्ये ससून ‘तंदुरुस्त’ ठरला. स्वतःची माणसं तिकडे मरत असताना त्यालाही इथे राहवत नव्हतं. जुलै १९१८मध्ये आपल्याच सैनिकाची गोळी डोक्याला चाटून गेली आणि तो इंग्लंडला परतला.

तू परत गेलास तर पायात सुरी खुपसेन, असं त्याने ओवेनला धमकावलं होतं. ऑगस्टमध्ये दोघं लंडनमध्ये शेवटचे भेटले. ओवेन न सांगताच निघाला; फ्रान्समध्ये पोचल्यावर त्याने कळवलं. ससून घायाळ होऊन परतल्यावर त्या पोरांचं दुःख पाहून ते मांडणारा कुणीतरी तिथे असायला हवा, असं त्याला वाटत होतं. आता त्याचा आवाज अडखळत नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्याने मिलिटरी क्रॉस मिळवला. ४ नोव्हेंबर १९१८ला ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय २५. आईवडिलांच्या हाती तार पडली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

ओवेनच्या कवितांचं पुस्तक १९२०मध्ये निघालं. प्रस्तावना ससूनची. नंतर त्याने पुरुषांवर प्रेम केलं, एका स्त्रीशी लग्न केलं, मुलगा झाला आणि आठवणींची पुस्तकं लिहिली. १ सप्टेंबर १९६७ला तो गेला. त्याच्या पाचच आठवडे आधी इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्ह्यातून वगळले गेले होते. क्रेगलॉकहार्ट ज्या स्कॉटलंडमध्ये, तिथे हे व्हायला १९८० उजाडलं. इंग्रजांनीच आपल्याकडे आणलेलं कलम ३७७ अशा संबंधांपुरतं २०१८पर्यंत टिकलं.

बरं होणं म्हणजे पूर्ववत होणं नव्हे. ज्या जगाने मोडलं त्याच्या कामाला पुन्हा जुंपलं जाणंही नव्हे. त्या अडीच महिन्यांत दोघांनी एकमेकांसाठी एवढंच केलं, की जे सांगता येत नव्हतं ते सांगायला जागा दिली. औषध तेवढंच होतं. हॉस्पिटलने त्याचा वापर युद्धासाठी केला, हा दोष औषधाचा नाही.