आल्मेरिया ते रामगढ

१९६४ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा चित्रपट गाजावाजा न होता प्रदर्शित झाला. कथा अमेरिकेच्या सरहद्दीवरील पिस्तूलबाजांची. चित्रण मात्र स्पेनमधील आल्मेरियाच्या उजाड टेकड्यांत. खर्च सुमारे २ लाख डॉलर. नायक क्लिंट ईस्टवूड हा दूरचित्रवाणीवरील नट, मानधन १५ हजार. दिग्दर्शक सेर्जिओ लिओने यांनी ‘बॉब रॉबर्टसन’ हे नाव घेतले. इटालियन माणसाचा अमेरिकन चित्रपट पाहणार कोण, ही धास्ती! कथानक कुरोसावांच्या ‘योजिम्बो’वरून (१९६१) उचललेले. पुढे उत्पन्नातील १५ टक्के वाटा जपानी कंपनीला देऊन तो तंटा मिटवावा लागला.

प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला, समीक्षकांनी नाके मुरडली. ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हे नावही हेटाळणीचेच. हिंसेचा अतिरेक हा मुख्य आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. परंतु मधल्या एका प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. गुंडांनी एका स्त्रीला पती व बालकापासून तोडलेले असते. बालकाचे नाव हेसूस, म्हणजे स्पॅनिश भाषेत येशू. पैशासाठी दोन्ही टोळ्यांना खेळवणारा नायक या कुटुंबाची सुटका करतो, जवळची रक्कम त्यांना देऊन टाकतो आणि त्यापायी जीवघेणा मार खातो. अखेर शवपेटीत लपून तो गावाबाहेर पडतो. हे सारे प्रतीक म्हणून योजले होते की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. पण आमच्या वाचकांना ते चटकन ओळखू येईल.

१९९८ पर्यंत अकोल्यात मोडणाऱ्या आमच्या वाशीम जिल्ह्यात लिओनेंचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असेल. गब्बरसिंग मात्र घरोघरी ठाऊक. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’तील ठाकूर कुटुंबाच्या हत्याकांडावर लिओनेंच्याच ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) छाया स्पष्ट आहे. रामगढ उभे केले ते कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी, कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत. इथेही आरंभी समीक्षकांनी नावे ठेवली. मुंबईच्या मिनर्व्हात मात्र चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

मूळ शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरने ते नाकारले आणि पोलिसांना आणून गब्बरला कायद्याच्या हवाली करायला लावले. तो काळ आणीबाणीचा. नागरिकाने कायदा हाती घेऊ नये, असे बजावणाऱ्या सरकारने स्वतः हजारोंना खटल्यावाचून तुरुंगात डांबले होते! तरीही, सूड घेण्याचा हक्क कोणाचा, हा सेन्सॉरने उभा केलेला प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये हा कापलेला शेवट जोडलेली ‘शोले’ची प्रत दाखवली गेली, तीही इटलीत, बोलोन्या शहरी. हात नसलेला ठाकूर तिच्यात गब्बरला पायांनी ठार करतो, आणि मग ढसढसा रडतो.