भोजनगृहाची पाटी आणि अक्षराचे वळण : अमेरिकेतील ‘चिनी’ मुद्राक्षरांचा इतिहास

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलंड टाइप फाउंड्री या ओतशाळेने १८८३ साली रोमन अक्षरांचे एक नवे वळण बाजारात आणले व त्यास ‘चायनीज’ असे नाव दिले. पुढे ते ‘मँडरिन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यातील प्रत्येक अक्षर मध्ये फुगलेल्या व टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या तुटक फटकाऱ्यांचे बनलेले आहे. कुंचल्याने ओढल्याचा भास व्हावा, हा हेतू उघड आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील चिनी भोजनगृहांच्या पाट्यांवर व पदार्थपत्रिकांवर हे वळण इतके रूढ झाले की, अशा सर्व मुद्राक्षरांच्या कुळाला ‘चॉप सुई’ हे एका पदार्थाचेच नाव पडले. भोजनगृहाची प्रकृती गिऱ्हाइकास पाटीवरील अक्षरांवरूनच कळावी, या व्यापारी संकेताचे हे एक जुने उदाहरण होय. तथापि हा संकेत कोणी घडविला व कोणाच्या डोळ्यांसाठी घडविला, हे पाहू गेल्यास त्याचा इतिहास मुद्रणकलेपुरता मर्यादित राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन ओतशाळांमध्ये शोभिवंत खिळ्यांची मोठी चढाओढ होती. जाहिराती, निमंत्रणपत्रिका, दुकानांची कार्डे अशा किरकोळ छपाईसाठी चित्रविचित्र वळणे हवी असत. लाकडाच्या ओंडक्यांची अक्षरे होती, वेलबुट्टीची होती. त्यातच एक ‘चिनी’ पडले. चिनी भोजनगृहांचा अमेरिकाभर प्रसार तेव्हा अद्याप व्हावयाचा होता. म्हणजे अक्षर आधी आले आणि ज्या पाटीवर ते पुढे कायमचे बसले ती पाटी नंतर आली.

या अक्षराचा चिनी लेखनाशी संबंध किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. चिनी सुलेखनात कुंचल्याच्या प्रत्येक फटकाऱ्याचा क्रम, दिशा व दाब ठरलेला असतो. ‘चिरंतन’ या अर्थाच्या ‘योंग’ या एकाच चिन्हात आठ मूलभूत फटकारे येतात, म्हणून नवशिक्यास ते गिरवावयास देण्याची परंपरा आहे. मँडरिन वळणात यांपैकी कोणतीही शिस्त नाही. रोमन अक्षराचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून त्याच्या रेघा तेवढ्या सुरीच्या पात्यासारख्या केल्या आहेत. शिवाय चिनी ग्रंथ व वृत्तपत्रे ज्या रूढ खिळ्यांत छापली जातात त्यांचे रूप याच्या अगदी उलट आहे : आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, सगळे चौकोनात बसविलेले. चिनी वाचकाच्या नित्य दृष्टीस पडणारे अक्षर ते हे नव्हे. नावाची कथाही गमतीची आहे. ‘मँडरिन’ हा शब्द पोर्तुगीज व मलय यांच्या मार्गाने आलेला असून त्याचे मूळ संस्कृत ‘मंत्रिन्’ शब्दात आहे. चिनी राज्याधिकारी व त्यांची उत्तरेकडील दरबारी भाषा यांना युरोपीयांनी तो लावला. परंतु अमेरिकेत आलेले चिनी लोक बहुतांशी दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतातले, कँटनी व तिच्या जवळच्या बोली बोलणारे होते. ती भाषा त्यांची नव्हती आणि ते अक्षरही त्यांचे नव्हते.

असे असता त्यांनी ते आपल्या दारावर का लावले? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, कायद्यात आहे. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांस अमेरिकेत प्रवेश बंद झाला आणि तो कायदा १९४३ पर्यंत रद्द झाला नाही. व्यापाऱ्यांस मात्र सूट होती. १९१५ मधील एका न्यायालयीन निर्णयाने भोजनगृहांच्या काही मालकांनाही व्यापाऱ्याचा दर्जा मिळू शकला. म्हणजे चालती खानावळ हे केवळ पोटापाण्याचे साधन न राहता, मायदेशी जाऊन परत येता येण्याचे व आप्तांना आणता येण्याचे साधन झाले. ती चालावयाची तर गोऱ्या गिऱ्हाइकाची वर्दळ हवी. आणि त्या गिऱ्हाइकाने पाटी वाचताक्षणी, आत काहीतरी परके पण निर्धोक, वेगळे पण स्वस्त मिळेल, असे समजले पाहिजे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत हाच विचार दगडाविटांत उतरलेला दिसतो. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात व आगीत ती वस्ती नष्ट झाली. तिला मूळ जागेवरून उठवून शहराच्या कडेला हलविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लुक टिन एली या व्यापाऱ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रवासी मुद्दाम पाहावयास येतील अशी ‘पौर्वात्य’ वस्ती त्याच जागी उभारण्याचे ठरविले. रॉस व बर्ग्रेन या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांनी बांधलेल्या सिंग फॅट व सिंग चाँग या इमारतींचे अंग नेहमीच्या व्यापारी इमारतीचे आहे. माथ्यावर मात्र पॅगोडाची वळलेली छपरे चढविलेली आहेत. रोमन सांगाड्यावर कुंचल्याचा साज चढविलेले अक्षर आणि ही इमारत यांची घडण एकच. वस्ती जागची हलली नाही, हे या साजाचे फळ होते. ‘खोटे’ म्हणून त्यास हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

परंतु या पाट्यांवर दुसराही एक मजकूर असे, आणि अभ्यासकांचे तिकडे कमी लक्ष गेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘हँग फार लो’ या प्रसिद्ध भोजनगृहाचे नाव रोमन लिपीत वाचणाऱ्याला केवळ तीन विचित्र ध्वनी ऐकू येतात. चिनी चिन्हांत मात्र त्याचा अर्थ ‘जर्दाळूच्या फुलांचा वाडा’ असा होतो. आणि चिनी काव्यपरंपरेत जर्दाळूच्या फुलांचा संबंध मद्यगृहाशी जोडलेला असल्याने त्या नावात आतिथ्याची एक जुनी आठवण जागी होते. एका बाजूस अर्थ शब्दाने वाहिला आहे. दुसऱ्या बाजूस शब्द मुका झाल्यामुळे तो भार अक्षराच्या वळणावर पडला आहे. ज्या वाचकास भाषा कळत नाही त्याच्यासाठीच वळणाला बोलावे लागते.

येथे चिन्हमीमांसेचा एक मुद्दा उपस्थित होतो. या वळणाने ‘चिनी’ हा अर्थ सादृश्याने कळतो असे वरवर वाटते. पण सादृश्य किती पातळ आहे हे वर दिसलेच. रुडॉल्फ कॉख या जर्मन अक्षरकाराने १९२३ साली क्लिंगस्पोर ओतशाळेसाठी कोरलेले ‘नॉयलँड’ हे ठसठशीत वळण पाहिले असता हा संशय दृढ होतो. त्याचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. तरी अमेरिकन व्यवसायात ते आफ्रिका, अरण्य व साहस यांचे चिन्ह होऊन बसले आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ या चित्रपटाच्या बोधचिन्हापर्यंत पोहोचले. तेव्हा अर्थ देणारी शक्ती रूपात नसून वापराच्या पुनरावृत्तीत आहे, असेच म्हणावे लागते.

आणि पुनरावृत्तीने मिळालेला अर्थ मालकाच्या ताब्यात राहत नाही. एका अमेरिकन वस्त्रविक्रेत्या कंपनीने २००२ साली चिनी धोब्यांची टर उडविणारे सदरे याच वळणात छापले आणि निषेध होताच मागे घेतले. २०१८ साली न्यू जर्सीत अँडी किम या उमेदवाराविरुद्धच्या प्रचारपत्रकात हीच अक्षरे वापरण्यात आली. किम हे कोरियन वंशाचे. पण अक्षराला तेवढा विवेक नसतो. ज्या वळणाने आजोबांची खानावळ चालविली त्याच वळणाने नातवाला परका ठरविले, हा व्यवहार केवळ रुचिभेदाचा मानता येणार नाही. या अक्षरांविषयी आशियाई अमेरिकनांत आज जो वाद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना आपापला इतिहास आहे.

देवनागरीच्या वाट्यालाही यातले काही आले आहे. परदेशातील भारतीय भोजनगृहांच्या पाट्यांवर रोमन अक्षरांना वर शिरोरेघ देऊन त्यांना ‘भारतीय’ केलेले दिसते. ‘समरकन’ हा संगणकावरील टंक त्याच जातीचा, आणि त्याचे नाव मध्य आशियातील नगराची आठवण करून देणारे. शिरोरेघ हीच भारताची खूण मानल्याने, जिला ती नाही त्या तमिळ लिपीच्या प्रदेशातील इडली-डोशाचे दुकानही तिच्याखालीच लटकते. उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गावोगावच्या ‘चायनीज’च्या गाड्यांवर तांबड्या-पिवळ्या रंगांत, शेजारी ड्रॅगन काढून, हा शब्द पुष्कळदा फुगीर व टोकदार फटकाऱ्यांत रंगविलेला असतो आणि काही ठिकाणी शिरोरेघेचे टोक छपराच्या वळचणीसारखे वर उचललेले असते. ते रंगविणाऱ्या पेंटरने क्लीव्हलंडचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही, आणि गाडीवर मिळणारा मांचुरियनही चीनमधून आलेला नाही.