माळढोक आणि कलम एकवीस

नान्नजच्या माळावर मी एकदा अख्खी सकाळ घालवली होती. काळवीट दिसले, एक धाविक अगदी जवळून पळत गेला, पण माळढोक काही दिसला नाही. तिथे अभयारण्य झाले १९७९ मध्ये, आणि तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे! गावेच्या गावे, शेते, बाजारपेठा, सगळे आत. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आकसले. लोकांना स्वतःच्या जमिनीचे साधे व्यवहार करता येईनात, ही तक्रार काही खोटी नव्हती. असो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २१ मार्च २०२४ चा निकाल. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे, तो घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्येच आहे, असे न्यायालयाने त्यात प्रथमच स्पष्टपणे म्हटले. आपल्याकडे हवामानबदलावर स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. म्हणजे निकाल ऐतिहासिकच. गंमत अशी, की हा हक्क मागायला कोणी न्यायालयात गेलेच नव्हते. खटला होता माळढोकाचा.

एम. के. रणजितसिंह हे जुने सनदी अधिकारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मसुद्यामागचे प्रमुख नाव. २०१९ मध्ये ते माळढोक आणि तणमोर यांच्यासाठी न्यायालयात गेले. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला अतिशय वजनदार पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला समोरचे नीट दिसत नाही. आडवी तार दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते आणि एवढे धूड ऐनवेळी वळवता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. अशा पक्ष्याचे जेमतेम दीडशे जीव उरलेले, तेही बहुतेक राजस्थानात. आणि नेमक्या त्याच वाळवंटात सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारा!

१९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने पक्ष्याच्या बाजूने कौल दिला. राजस्थान-गुजरातेतल्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर टापूत तारा जमिनीखालून न्या, जिथे उच्च दाबामुळे अडचण असेल तिथे समिती ठरवेल, आणि तोवर तारांना पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. त्याच वर्षी केंद्र सरकार परत न्यायालयात आले. उच्च दाबाच्या तारा एवढ्या अंतरावर पुरणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, खर्च अफाट, आणि देशातली सौरऊर्जेची मोठी क्षमता याच भागात. मग पॅरिस कराराचा शब्द पाळायचा कसा?

२०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे मान्य केले. सरसकट आदेश मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. नवा हक्क आला तो याच युक्तिवादात: हवामानबदल रोखायला सूर्याची वीज हवी, विजेला तारा हव्यात. परदेशात, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये, २०१९ च्या उर्जेंडा खटल्यात लोकांनी हाच धागा पकडून सरकारला उत्सर्जन कमी करायला भाग पाडले. आपल्याकडे हक्काचा पहिला उपयोग मात्र सरकारची अडचण सोडवायला झाला. मला हे खटकते. सरकारची अडचण खोटी होती असे मात्र मला म्हणता येत नाही, आणि तीच खरी पंचाईत आहे. कोळशाचा धूर चालू राहिला तर वाळवंट तरी कुठे तसेच राहणार?

डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. आता प्राधान्याचे क्षेत्र राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर आहे. ९९ हजारांवरून इथवर. गुजरातेतल्या त्या ७४० चौरस किलोमीटरसाठी तरी तारा लवकर हलोत. नान्नजचा माळ या नकाशात पहिल्यापासूनच नव्हता.