चौसष्ट ठोके

आमच्या दावणीला शेवटचं घोडं होतं ते १९७२ सालापर्यंत. दुष्काळ पडला, माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढू लागली. तिथं घोडीला काय घालणार? वडलांनी तिला यवतच्या बाजारात नेलं आणि रात्री मोकळी मोहरकी खांद्यावर टाकून परत आले. न बोलता ती आढ्याला टांगली. पुढं तीस वर्षं ती तिथंच लोंबत होती. मी तेव्हा सहावीत होतो. घोड्यांच्या नादाला मी का लागलो असं कुणी विचारलं की मला आधी ती मोहरकी आठवते.

आमचा मुलूख भीमथडीचा. भीमेच्या काठचा म्हणून भीमथडी. इंग्रज अमदानीत या नावाचा तालुकाच होता. आजच्या दौंड-बारामतीचा बराचसा भाग त्यात यायचा. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या खोऱ्यात जे तट्टू तयार झालं, त्याला भीमथडी तट्टू म्हणत. गावठी घोड्यांना बाहेरून आलेल्या अरबी, तुर्की घोड्यांचं रक्त लागून ही जात झाली असं जाणकार सांगतात. दिसायला काही नाही. उंचीला माझ्या छातीएवढं, डोकं जरा मोठं, खूर मात्र दगडासारखे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायच्या, त्या असल्या घोड्यांवर. १७२८ ला बाजीरावानं निजामाला पालखेडला कोंडला, १७३७ ला तो दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. बाजीराव घोड्यावरच कणसं चोळून दाणे खात जायचा, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. घोड्यानं काय खाल्लं, किती वेळा पाणी प्यालं, त्याच्या पाठीला जखम झाली की नाही, हे कुणी सांगत नाही. पोवाड्यात तलवार येते, खरारा येत नाही.

पुढं राज्य गेलं, पागा मोडल्या. कंपनी सरकारनं शिरूर तालुक्यातल्या आलेगावाला घोड्यांची पैदास चालवून बघितली, तीही मोडली. त्या गावाला अजून आलेगाव पागाच म्हणतात. मग मोटारी आल्या. भीमथडी तट्टू राहिलं ते फक्त धनगरांच्या वाड्यावर. मेंढकं दिवाळीनंतर कोकणाकडं उतरतात आणि पावसाळ्याआधी माघारी येतात. त्यांचं सगळं बिऱ्हाड या तट्टांच्या पाठीवर असतं. भांडीकुंडी, जाळी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी वर बसवलेलं लेकरू. हीच जात आता सरकारनं देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. आधी देशात अशा सात होत्या. ज्यांनी ती टिकवली त्यांना इतकी वर्षं आम्ही रानातून हुसकून लावत होतो, ही गोष्ट वेगळी.

तर आमचं मंडळ. २००५ च्या चैत्रात, गावच्या यात्रेच्या निमित्तानं, आम्ही दहाबारा जणांनी लांब पल्ल्याची घोड्यांची शर्यत घ्यायचं ठरवलं. बैलगाडे सगळीकडंच होते, आपण काहीतरी निराळं करू, एवढाच विचार. चाळीस किलोमीटर. खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेनं जायचं, नदीकाठानं माघारी यायचं. मी दहावी झालेला आणि अक्षर बरं, म्हणून मला सेक्रेटरी केलं. घटना लिहिली, पावतीपुस्तकं छापली, पोलीस परवानगी काढली. पहिलं बक्षीस ५,००१ रुपये आणि ढाल. वाटेत दोन ठिकाणी पोरं बसवली होती, ती घोड्याचा नंबर टिपायची. घोडं कसं आहे हे बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेजारच्या वाडीतल्या एका पोराची घोडी पहिली आली. नंबर नऊ. दोन तासांच्या आत. ऊन असं की कालव्याचं पाणीसुद्धा कोमट. घोडीवर गुलाल टाकला, हार घातला, हलगी लावून तिला गावातून मिरवली. पाच वाजता मी इतिवृत्ताची वही उघडली आणि लिहिलं, ‘स्पर्धा अत्यंत उत्साहात व शांततेत पार पडली.’

सहाच्या सुमाराला पोरगा पळत आला. घोडी हलत नव्हती. चारी पाय ताठ, मागचा पुठ्ठा हाताला दगडासारखा लागत होता. अंगाला घाम नव्हता आणि कातडी भाजत होती. लघवी केली ती काळ्या चहासारखी. आम्ही पाण्याच्या बादल्या आणल्या, कुणी हळद म्हणालं, कुणी गूळ. डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत रात्रीचे अकरा झाले. त्यांनी सलाईन लावलं, मला बाजूला घेऊन सांगितलं, घामावाटे मीठ गेलंय, अंग आतून तापलंय, स्नायू फुटून त्याचं पाणी लघवीत उतरलंय. पलीकडं तमाशाचा कर्णा चालू होता. तो बंद करा म्हणायला कुणी गेलं नाही, मीही नाही. दोन वाजता घोडी गेली.

ती घोडी त्या घरानं पतपेढीचं कर्ज काढून घेतली होती. लग्नसराईत वराती करून हप्ते फिटायचे. आम्ही वर्गणी काढून सात हजार दिले आणि आपलं कर्तव्य झालं असं समजलो. जुन्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचं घोडं सरकारी पागेतलं, मेलं तर सरकारचं नुकसान. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, मेलं की त्याची भाकरी गेली. आमच्याकडं सगळे शिलेदारच होते. मंडळाची एक शिंगराएवढीही पागा नव्हती, पण ढालीवर नाव मंडळाचं. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. ‘उत्साहात व शांततेत’ याच्याखाली अकरा जणांच्या सह्या आहेत. पहिली माझी.

दोन वर्षं शर्यत झाली नाही. मग पलीकडच्या गावात एक सुभेदार निवृत्त होऊन आले. लष्करात घोड्या-खेचरांचं जे खातं आहे, ज्याला आर.व्ही.सी. म्हणतात, त्यात त्यांची नोकरी झालेली. मी आमची हकीकत सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, “वाटेत ठोके कोण मोजत होतं?”

त्यांनीच सगळं शिकवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली वेंडेल रॉबी नावाच्या माणसानं घोड्यावरून एका दिवसात शंभर मैलांची रपेट काढली. ती अजून दर साल होते आणि तिथं नुसत्या पहिल्या आलेल्याचं कौतुक नसतं, शेवटी तंदुरुस्त राहिलेल्या घोड्याचाही वेगळा मान असतो. या खेळात वाटेत ठरावीक अंतरावर घोडं थांबवतात आणि जनावरांचा डॉक्टर ते तपासतो. निवांत उभ्या घोड्याच्या काळजाचे मिनिटाला तीस-चाळीस ठोके पडतात, पळताना ते कितीतरी पटींनी वाढतात. थांबल्यावर वीस मिनिटांच्या आत ते चौसष्टवर आले पाहिजेत, असा तेव्हा नियम होता. नाही आले तर घोडं तिथंच बाद. शिवाय मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती लगेच सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय. हिरडी दाबून बघायची, रक्त किती लवकर परततं. पोटाला कान लावायचा, आतडी गप्प असतील तर धोका. आणि दुडक्या चालीनं सरळ पळवून बघायचं, लंगडतं का.

“पंधरा सेकंद मोजायचं,” सुभेदार म्हणाले. “सोळा आले तर ठीक. सतरा म्हणजे न्हाई.”

आम्ही तीन फेऱ्या केल्या, वीस-वीस किलोमीटरच्या, मधे चाळीस मिनिटांची सक्तीची विश्रांती. चैत्र सोडून माघ धरला आणि पहाटे साडेपाचला सोडायला लागलो. नियमातली एक मेख मला फार आवडली. घोडं तळावर पोचलं म्हणजे वेळ थांबत नाही. ठोके उतरले की थांबते. म्हणजे चौखूर उधळत येणाऱ्याला तळावर ताटकळत उभं राहावं लागतं आणि मागून सावकाश आलेला त्याच्या पुढं निघून जातो. पहिल्या वर्षी पोरांना हे कळेना. तिसऱ्या वर्षापासून शेवटच्या किलोमीटरला सगळे खाली उतरून, तंग ढिला करून, लगाम हातात धरून घोड्याबरोबर चालत यायला लागले. बघायला आलेले लोक हसायचे. शर्यत आहे का वारी, असं विचारायचे. लोकांना धूळ उडालेली हवी असते. वर्गणी निम्म्यावर आली. डॉक्टरांचं येणं-जाणं, स्टेथोस्कोप, मीठ-गुळाचं पाणी, टँकर, नालबंद, सगळा खर्च वाढला आणि बक्षीस तेवढंच राहिलं. दोन वर्षं मी घरच्या उसाच्या बिलातून भर घातली, हे बायकोला अजून पुरतं माहीत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्या पुन्हा सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात आमच्याकडं गर्दी झाली. खेड, आंबेगाव, जुन्नरकडं गाड्यापुढं घोडी पळवतात. त्या घोड्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यांचे मालक आले, पण त्या घोड्यांना घाटातली काही सेकंदांची धाव ठाऊक. पहिल्याच तळावर निम्म्या बाद व्हायच्या आणि मालक माझ्या अंगावर यायचे. पोलिसांना तर बैल बंद म्हणजे सगळंच बंद असं वाटायचं. परवानगीच्या अर्जाला कोर्टाच्या निकालाचं कात्रण जोडून, त्यात घोडा हा शब्द नाही, हे मी दर साल तोंडपाठ सांगायचो.

त्याच काळातली गोष्ट. माझ्या थोरल्या भावाच्या मुलानं दीड लाखाची मारवाडी घोडी आणली. देखणी, कान एकमेकांना टेकणारे. चांगला सहा महिने तयारीला लागला होता तो. तिसऱ्या फेरीच्या आधीच्या तळावर सगळ्यांच्या पुढं. डॉक्टरांनी मोजलं, बावीस. पाणी मारलं, सावलीला धरली. दहा मिनिटांनी एकोणीस. विसाव्या मिनिटाला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि माझ्याकडं बघितलं. सतरा. म्हणजे अडुसष्ट.

अध्यक्ष म्हणाले, “आप्पा, एका ठोक्यानं काय हुतंय? घरचंच पोरगं हाय.” पुतण्या काही बोलला नाही. दादा मात्र म्हणाला, “परत मोज. तुझं घड्याळ पुढं असंल.”

मी वहीत ‘थांबवले’च्या रकान्यात नंबर लिहिला. हात थरथरत होता, अक्षर बघितलं की कळतं.

त्या दिवशी एका मेंढक्या मामाचं तट्टू पहिलं आलं. पाठीवर नेहमी बिऱ्हाड वाहणारं. खोगीर नव्हतंच, पोत्याची घडी आणि दोरी. शेवटी ठोके मोजले तर तेरा. मामानं विचारलं, “रोख नगं, त्याऐवजी हरभरा मिळंल का?”

आणि पुतण्याची घोडी दुसऱ्या दिवशी सकाळी कडबा खात उभी होती. कान टवकारलेले. दादा मुद्दाम माझ्या घरी येऊन म्हणाला, “चल, बघ तिला. काय झालंय?” मी गेलो, बघितलं. काहीच झालं नव्हतं. काय उत्तर द्यायचं? आम्ही थांबवली म्हणून काही झालं नाही, की होणारच नव्हतं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येणार नाही. २००५ ला आम्ही चुकलो याचा पुरावा रात्री दोन वाजता रस्त्यावर पडला होता. पुढं आम्ही बरोबर होतो याचा पुरावा एकदाही मिळाला नाही. दर वेळी एक धडधाकट घोडं आणि एक रागावलेला मालक, एवढंच हातात राहिलं. ‘थांबवले’च्या रकान्यात आजवर एकेचाळीस नंबर आहेत. २००७ पासून आमच्या रपेटीत घोडं मेलेलं नाही. या दोन वाक्यांचा संबंध मी मनात लावतो, पण दादाला तो पटवून देऊ शकलो नाही. त्या दिवाळीला तो फराळाला आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला.

सुभेदार आता नाहीत. मलाही गुडघ्यामुळं तळावर दिवसभर उभं राहवत नाही, म्हणून गेल्या साली सेक्रेटरीपद एका तरुण पोराकडं दिलं. वह्या सोपवायच्या आधी पहिली वही उघडून बसलो. ‘उत्साहात व शांततेत’. खाली अकरा सह्या, त्यांतली पाच माणसं गेली. त्या पानावर घोडीचा नुसता नंबर आहे, नऊ. नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

मग वाडीवर गेलो. तो पोरगा आता पंचेचाळिशीचा, टेम्पो चालवतो. मला बघून त्यानं खुर्ची टाकली, चहा सांगितला. नाव विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हिरा.”

घरी येऊन मी त्या ओळीखाली लिहिलं, ‘त्याच रात्री दोन वाजता नंबर नऊची घोडी हिरा मेली.’ नवीन सेक्रेटरी वही चाळताना म्हणाला, “तात्या, कायम झालेल्या इतिवृत्तात असं मागनं लिहिता येत नाही.” येत नाही हे मलाही माहीत आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलंय.