ओव्हरफ्लो, ओव्हरलोड, ओव्हरराईट : यातलं ‘ओव्हर’ नेमकं काय सांगतंय?

पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, ‘भंडारदरा ओव्हरफ्लो!’ सोबत फेसाळत्या पाण्याचा व्हिडिओ. त्यावर कुणी हात जोडतं, तर कुणी प्रवराकाठच्या पाहुण्यांना फोन लावून विचारतं, धरणाला काही झालं का? शब्द एकच, पण एक जण खूश आणि दुसरा धास्तावलेला. त्यामुळे या ‘ओव्हर’चा अर्थ एकदा नीट समजून घेऊ.

इंग्रजीत ‘ओव्हर’चे मुख्य अर्थ दोन. एक म्हणजे ‘वरून’, आणि दुसरा म्हणजे ‘प्रमाणाबाहेर’, आपल्याकडच्या अतिवृष्टीतला ‘अति’. तंत्रज्ञानातले बरेचसे शब्द या दुसऱ्या अर्थाचे. गंमत अशी की ओव्हरफ्लोमध्ये दोन्ही अर्थ आहेत. पाणी मापाबाहेर गेलं म्हणून वरून वाहतं.

आता धरणाचं बघा. अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण ११ टीएमसी. खाली प्रवरेवरच निळवंडे आहे, त्याची ८,३२० दशलक्ष घनफूट. राहुरी तालुक्यातलं मुळा धरण यांच्यापेक्षा मोठं, २६ टीएमसीचं. धरण भरत आलं की जादा पाणी सांडव्यातून नदीत सोडतात. सांडवा बांधलेला असतो तो याचसाठी. म्हणून धरण ओव्हरफ्लो होणं आणि धरणाला धोका असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नदीकाठच्या माणसाने बघायचा आकडा वेगळाच असतो, तो म्हणजे विसर्ग किती क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. मेसेजमध्ये हा आकडा आणि तारीख नसेल तर तो पुढे पाठवून उपयोग नाही. गेल्या वर्षीचा व्हिडिओही तितकाच पांढराशुभ्र दिसतो.

कॉम्प्युटरमधला ओव्हरफ्लो मात्र जास्त फसवा. तिथे प्रत्येक आकड्यासाठी ठरावीक जागा असते. जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसाच प्रकार. जागा १६ बिटची असेल तर (उणे संख्याही धरून) सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्यापुढे गेलात की आकडा चक्क उणे होऊ शकतो. पाणी सांडलं तर डोळ्यांना दिसतं. इथे सांडवा प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच बांधायचा असतो, आणि तो विसरला तर पत्ताही लागत नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालं, ते अशाच चुकीमुळे. मोठा आकडा १६ बिटच्या जागेत कोंबला गेला होता. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ गाण्याच्या व्ह्यूजमुळे यूट्यूबलाही आपला काउंटर मोठा करावा लागला. जुना काउंटर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजू शकत नव्हता.

ओव्हरलोड हा शब्द तर शेतकऱ्यांना शिकवायला नको. उसाच्या ट्रॉल्या ओव्हरलोड, डीपी ओव्हरलोड आणि विहिरीवरची मोटर ओव्हरलोड. पण या शेवटच्या ओव्हरलोडमध्ये खरे पैसे जातात. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटर ठरलेल्यापेक्षा जास्त ॲम्पिअर ओढायला लागली, की त्यातली धातूची पट्टी तापून वाकते आणि पुरवठा तोडते. यालाच आपण ‘मोटर ट्रिप मारते’ म्हणतो. व्होल्टेज कमी, एक फेज गेलेली, पंपात काहीतरी अडकलेलं, कारण काहीही असू शकतं. रात्रपाळीची लाईट, भरणं अर्धं राहिलेलं, अशा वेळी रिलेचा आकडा वाढवून ठेवायचा किंवा तो बांधूनच टाकायचा मोह होतो. मोटर चालते, पण आतली तार तापत राहते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. रिलेचा आकडा मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या ॲम्पिअरनुसार ठेवायचा असतो. सारखं ट्रिप होत असेल तर वायरमनला बोलवा, रिलेच्या नादी लागू नका.

ओव्हरहीट सरळच आहे. गेम खेळणाऱ्यांचा आवडता ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. वेग मिळतो, पण उष्णताही वाढते. एआयच्या बातम्यांत ओव्हरफिटिंग दिसतं. जुन्या प्रश्नपत्रिका तोंडपाठ केलेला पोरगा प्रश्न जरा फिरवला की अडकतो, तसं त्या मॉडेलचं होतं.

सगळेच ‘ओव्हर’ मात्र अतीचे नाहीत. ओव्हरहेड वायर म्हणजे डोक्यावरून गेलेली तार. ओव्हरराईडमध्ये एक आदेश बाजूला सारून दुसरा वरचढ ठरतो. आणि ओव्हरराईट म्हणजे जास्त लिहिणं नव्हे, आधीच्या मजकुरावरच नवीन लिहिणं. मेमरी कार्डवरून लग्नाचे फोटो चुकून डिलीट झाले, तर बऱ्याचदा ती जागा फक्त ‘रिकामी’ म्हणून नोंदलेली असते, फोटो तिथेच असतात. त्यावर नवीन काही ओव्हरराईट झालं की ते गेले. म्हणून अशा वेळी त्या कार्डवर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड आधी कॅमेऱ्यातून बाहेर काढा आणि रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.