साइडकार: पुणे परिसरातील तिसऱ्या चाकाचा इतिहास

साइडकार म्हणजे मोटारसायकलच्या एका बाजूला जोडलेले, स्वतःचे एकच चाक असलेले आसन. भारतीय कायदा तिला वेगळे वाहन मानत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२७) नुसार मोटारसायकल म्हणजे दुचाकी वाहन, आणि जादा चाक असलेली, सोडता येण्याजोगी साइडकारही त्यातच धरली आहे. यंत्र म्हणून पाहिले तर गोष्ट अगदी उलट आहे. साइडकार लागताच गाडी वळणावर झुकायची थांबते, हँडल जड होते, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढ बसते आणि इंजिनावरचा भार बदलतो. म्हणून जुनी साइडकार ओळखण्याचे आणि बसवण्याचे काम बॉडीच्या रंगापासून नव्हे, चेसिस आणि जॉइंटपासून सुरू होते.

आरंभीच्या मोटारसायकलींवर दुसऱ्या माणसासाठी सोय नव्हती. त्याला मागे ओढायच्या गाड्यात बसवत, तेव्हा सगळी धूळ आणि धूर त्याच्या वाट्याला येई. पुढच्या चाकांवरच्या आसनात बसवले, तर धडकेचा पहिला मार त्यालाच बसे. बाजूचे आसन हा यातून निघालेला मार्ग होता. १८९३ मध्ये फ्रान्समधील बर्तू या लष्करी अधिकाऱ्याने सायकलसाठी अशी रचना सुचवली आणि १९०३ मध्ये इंग्लंडमधील एनफिल्ड येथील ग्रॅहम यांनी मोटारसायकलच्या साइडकारचे पेटंट मागितले. पहिल्या साइडकार वेताच्या विणीच्या होत्या. १९१२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली वॉट्सोनियन ही कंपनी तर घडी होणाऱ्या साइडकारसाठीच निघाली, कारण कामगारवस्तीतल्या घरांच्या अरुंद बोळांतून रुंद गाडी आत जात नसे. १९२२ मध्ये ब्लॅकपूलला स्थापन झालेल्या स्वॉलो साइडकार कंपनीतून पुढे जॅग्वार मोटारी निघाल्या. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ऑस्टिन सेव्हन या स्वस्त मोटारीने ब्रिटनमधल्या साइडकारचे गिऱ्हाईक तोडायला सुरुवात केली.

भारतात ही वस्तू रुजण्यात लष्कराचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी क्लायनो मोटारसायकलींच्या साइडकारवर व्हिकर्स मशिनगन बसवून तुकड्या उभारल्या. त्यांपैकी एक भारतात आली आणि १९१९ च्या अफगाण युद्धात वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीची ४९६ सीसीची एम २० ही गाडी ब्रिटिश फौजांबरोबर जगभर पोहोचली. लष्करी नोंदीत तिचे नाव डब्ल्यूएम २०. ‘शोले’तील जय आणि वीरूची साइडकारची गाडी याच जातीची. पुणे हे दक्षिण विभागाचे मुख्यालय, आणि खडकी, देहूरोड ही लष्करी ठाणी शेजारीच. त्यामुळे युद्धानंतर लिलावात निघालेला ‘डिस्पोजलचा माल’ या भागातल्या मेकॅनिकांना अनोळखी राहिला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात आजही जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधत लोक येतात.

स्वातंत्र्यानंतर साइडकार लष्करातून घरात आली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची सुरुवात झाली आणि ३५० सीसीची बुलेट इथेच तयार होऊ लागली. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा बाजारात आणली, तर बजाजने पिआजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनवायला घेतली. १९७२ मध्ये चेतक आली. मोटार परवडत नाही आणि कुटुंब चार माणसांचे, अशा घरांनी या स्कूटरना साइडकार लावली. पुढे नवरा, मागे बायको, साइडकारमध्ये मुले आणि त्यांच्या पायाशी भाजीची पिशवी हे दृश्य महाराष्ट्रातल्या शहरांना चांगलेच परिचयाचे होते. गॅसची टाकी आणायलाही हीच गाडी कामी येई. मोटारीआधीची कुटुंबाची मोटार म्हणून साइडकारने जे काम केले, त्याची दखल आपल्या वाहनांच्या इतिहासात फार कमी घेतली गेली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या काही वर्षांत ही गरज ओसरत गेली.

आज अंगणात किंवा गोठ्याच्या मागे सापडणारी साइडकार बहुधा अर्धवट असते. ती ओळखताना बॉडी आणि चेसिस यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. बॉडीचा पत्रा सडला की दुसरी बॉडी त्याच चेसिसवर चढवण्याची पद्धत सगळीकडे होती, म्हणून नाकावरचा बिल्ला पाहून केलेले निदान पुष्कळदा चुकते. चेसिस मात्र सहसा बदलत नाही. नळ्यांचा आकार, चाकाच्या आसाची बैठक, बॉडीखालचे पाटे किंवा कॉइल स्प्रिंग, आणि जोडणीचे हात कुठून निघतात, या चार गोष्टी बनावट सांगतात.

बॉडी आतून पाहिली तरी बरेच कळते. जुन्या ब्रिटिश बॉडीत लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादी पत्रा ठोकलेला आढळतो. नंतरच्या भारतीय बॉडीत लाकूड जवळजवळ नसते, तिथे लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर पत्रा वेल्ड केलेला असतो. आटेही बोलके असतात. जुन्या ब्रिटिश नटबोल्टांना व्हिटवर्थ पाना लागतो, मिलिमीटरचा पाना त्यांवर नीट बसत नाही. एकाच चेसिसवर दोन्ही प्रकारचे बोल्ट निघाले, तर मधल्या काळात कुणीतरी दुरुस्ती केली आहे हे नक्की.

स्कूटरची साइडकार चाकावरून लगेच कळते. बजाज १५० आणि सुपर यांची चाके ८ इंची, चेतकची १० इंची, आणि साइडकारला शक्यतो स्कूटरचेच चाक लावत, म्हणजे एकच स्टेपनी तिन्ही जागी चाले. मोटारसायकलच्या साइडकारचे चाक मोठे, तारांचे असते. जोडणीतला फरक त्याहून महत्त्वाचा आहे. लॅम्ब्रेटाला नळीची फ्रेम असल्याने तिच्यावर क्लॅम्प आवळता येतो. व्हेस्पा आणि बजाज यांची सगळी बॉडीच पत्र्याची, वेगळी फ्रेम नाही. म्हणून त्यांच्या साइडकारचे हात स्कूटरच्या तळाला जाड पट्ट्या देऊन बोल्टने धरलेले असतात. अशा स्कूटरच्या तळाच्या पत्र्याला, बोल्टांच्या आसपास, चिरा गेल्या आहेत का हे सर्वांत आधी पाहावे.

डावी की उजवी, हा पुढचा प्रश्न. भारतात आणि ब्रिटनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून साइडकार डावीकडे, आणि बसणारा पदपथाच्या बाजूला उतरतो. जर्मन आणि अमेरिकी साइडकार उजवीकडच्या. उजवी साइडकार डावीकडे लावायची म्हणजे चेसिसचे सगळे हात कापून उलट्या बाजूला वेल्ड करणे. असे करून चांगली जुनी वस्तू बिघडवण्यापेक्षा ती तशीच जपून ठेवणे बरे.

जोडणीसाठी चार बिंदू लागतात: दोन खाली, दोन वर. बीएसएच्या एम मालिकेसारख्या गाड्यांच्या फ्रेमवर यासाठी मुळातच ओतीव कान दिलेले असतात. जिथे ते नसतात तिथे नळीच्या जाडीबरोबर नेमका बसणारा दुभंगी क्लॅम्प लावतात. सैल क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घालून आवळणे ही प्रचलित पण धोक्याची पद्धत आहे. खालचे दोन बिंदू भार वाहतात, वरचे दोन कल ठरवतात.

काम सपाट फरशीवर करावे आणि तिन्ही चाकांत हवा नेमकी भरलेली असावी. आधी पाणसळ ठेवून चेसिस आडव्या पातळीत आणतात. साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या रेषेत नसते, त्याचा आस काही इंच पुढे असतो. तो फार मागे गेला तर उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावर कलंडू पाहते, फार पुढे गेला तर टायर घासतो आणि हँडल जड होते. त्यानंतर गाडीच्या दोन्ही चाकांना एक सरळ रीप आणि साइडकारच्या चाकाला दुसरी रीप टेकवून पुढचे व मागचे अंतर मोजतात. पुढचे अंतर मागच्यापेक्षा साधारण १० ते २० मिलिमीटरने कमी हवे. साइडकारचे चाक रस्त्याला घासून गाडीला डावीकडे ओढत असते, ती ओढ या थोड्या आतल्या कलाने भरून निघते. उरलेली ओढ काढण्यासाठी ओळंबा धरून मोटारसायकल साइडकारपासून बाहेरच्या बाजूला एक-दोन अंश झुकवतात. ही मापे रोजच्या वापराइतके वजन साइडकारमध्ये ठेवून घ्यायची असतात, हे पुष्कळजण विसरतात.

खरी परीक्षा रस्त्यावर होते. पिरंगुटहून घोटवड्यामार्गे रिहे खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्यासारखा चढउतारांचा आणि वळणांचा मार्ग त्यासाठी योग्य, कारण सरळ महामार्गावर जोडणीतले दोष झाकले जातात. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात आणि डावीकडून जाणारी गाडी त्या उतारामुळे आधीच डावीकडे ओढली जाते. सपाट फरशीवर बिनचूक बसलेली साइडकारही अशा रस्त्यावर कल थोडा वाढवून मागते. वेग वाढवताना गाडी डावीकडे आणि ब्रेक दाबताना उजवीकडे जाणे हा दोष नव्हे, तो साइडकारचा स्वभाव आहे. एकसारख्या वेगात डावीकडे ओढ राहिली तर मात्र कल पुन्हा तपासावा. कमी वेगात हँडल थरथरले तर स्टिअरिंग डँपरची मूठ थोडी आवळतात. घाटात इंजिन दमत असेल तर पुढचे स्प्रॉकेट कमी दातांचे लावतात. रिकामी साइडकार डाव्या वळणावर सहज उचलली जाते, म्हणून शिकाऊ चालवणाऱ्याने तिच्यात वाळूचे पोते ठेवावे.

जोडणी झाल्यावर कागदपत्रे पाहावीत. नोंदणी पुस्तकात साइडकारची नोंद नसेल, तर आरटीओ कार्यालयात ती करून घेणे आवश्यक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे आणि त्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशा नोंदणीचे वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. म्हणून जुनी साइडकार घेण्याआधी ती रोज चालवायची की प्रदर्शनात न्यायची हे ठरवावे, आणि काहीही ठरले तरी मूळ चेसिसवर करवत चालवू नये.