एम्प्रेस गिरणी आणि नागपुरचा कामकरी

इ. स. १८७४ मध्ये जमशेटजी टाटा यांनी मध्यप्रांतात कापडाची गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापिली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून दिल्लीस जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, नागपुरात ही गिरणी सुरू झाली; म्हणून तिला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले. कापूस जवळचाच होता, यंत्रे मात्र विलायतेची. ती आगबोटीने आणि आगगाडीने आणता आली. त्यांपुढे उभा राहणारा लँकेशायरचा कसबी कामगार मात्र आणता येण्यासारखा नव्हता.

लँकेशायरात ‘म्यूल’ नावाच्या चातीयंत्रावर सूत काढीत. ते चालविणारा मनुष्य आधी कित्येक वर्षे हाताखाली राबून तयार होई. नागपुरास इतका अवकाश कोठला? येथील कामकरी पुष्कळसा शेतीवरून आलेला. सुगी आली, सणवार आला की घरी जाणारा. अशा माणसास विलायती शिस्त शिकविण्याऐवजी चालकांनी यंत्रच बदलले, आणि ह्यातच त्यांचा शहाणपणा दिसतो. १८८३ च्या सुमारास तांत्रिक तज्ज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांच्या साहाय्याने अमेरिकेत निघालेल्या ‘रिंग’ चात्यांचा प्रयोग झाला. तुटलेला धागा जोडणे व भरलेली कांडी काढणे एवढे साधले की नवखा मनुष्य थोड्या काळात तीवर उभा राही. लँकेशायरचे गिरणीवाले तेव्हा म्यूललाच चिकटून होते. नागपुरच्या कोरड्या हवेत धागा वारंवार तुटे, म्हणून हवा दमट ठेवण्याची यंत्रेही बसविली गेली.

शिकलेला माणूस टिकला पाहिजे, हा दुसरा प्रश्न होता. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे स्वतः रेल्वेच्या मालखात्यातून आलेले, गिरणीत शिकून तयार झालेले! शिकलेल्या हिंदी तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन वरच्या जागांसाठी तयार करण्याची प्रथाही येथे पडली.

खालच्या कामगारांसाठी मात्र वेगळी शाळा नव्हती. त्या काळच्या हिंदी गिरण्यांत मुकादम आणि जातभाई हेच गुरु असत. ह्या रीतीने काम लवकर येई, पण कोणी काय शिकावे हे जातीवर ठरे. विदर्भातील महार समाज पूर्वीपासून जाडेभरडे कापड विणीत असे. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसला आणि त्याच समाजातील पुष्कळजण गिरणीत शिरले. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य कामगारांस जास्त मजुरीच्या विणकामखात्यात घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि तोच धोटा इतरांच्या हाती जाई. पिढीजात विणकरास विणकाम बंद! डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय १९२८ च्या सुमारास वेशीवर टांगला. विलायतेहून आलेल्या यंत्राला गावाच्या हवेशी जुळवून घेणारे चालक गावाच्या ह्या रूढीशीही तसेच जुळवून घेत राहिले.